कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं? पेटीतल्या जुन्या फोटोंबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घरातले जुने स्टुडिओतले फोटो, त्यातही बायकांचे आणि लहान पोरांचे, बाहेर काढा आणि त्याबद्दल जे विचारायचं ते विचारा. तर रावेरपासून नवापूरपर्यंत पत्रं आली, मेल आले, कितीतरी जणांनी फोटोचे फोटो पाठवले. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही पण बरेचसे प्रश्न एकाच प्रकारचे होते, म्हणून त्यातले निवडून घेतलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न: आमच्या पणजीचा फोटो आहे, खुर्चीवर ती, मांडीवर माझे आजोबा वर्षभराचे. तिच्या कपाळावर काळा टिळा आहे आणि लुगडं पांढरं दिसतं. घरात सगळे म्हणतात ती लवकर विधवा झाली म्हणून बुक्का लावायची. पण पणजोबा तर आजोबांच्या लग्नालाही होते असं आत्या सांगते. मग खरं काय? (पारोळा)

आत्याचं खरं. ताई, तुमच्या पणजीवर तीन पिढ्या फुकटचं वैधव्य लादलं गेलंय आणि ते फक्त फोटोच्या काचेमुळे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

त्या काळी फोटो काचेच्या निगेटिव्हवर निघायचे. त्या काचेवरच्या मसाल्याला सगळे रंग सारखे दिसत नसत. अगदी सुरुवातीच्या काचांना तर फक्त निळ्या बाजूचा उजेड कळायचा. पुढे १८८० नंतर ज्या सुधारलेल्या काचा आल्या, ज्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात, त्यांना हिरवापिवळा कळायला लागला पण लाल तरीही नाही. लाल म्हणजे त्यांच्यासाठी अंधारच. लाल कळणाऱ्या काचा १९०६ च्या सुमाराला बाजारात आल्या, पण लहान गावातले स्टुडिओवाले पुढेही कितीतरी वर्षं जुन्याच वापरत राहिले कारण त्या लाल दिव्याच्या उजेडात बघत बघत धुता यायच्या. नव्या काचा मिट्ट काळोखात धुवाव्या लागत.

म्हणून लालभडक कुंकू फोटोत काळं उमटतं. लाल लुगडंही काळं दिसतं. आणि याच्या बरोब्बर उलटं निळ्याचं होतं, फिकट आभाळी रंग जवळजवळ पांढरा होऊन येतो. म्हणजे तुमच्या पणजीचं ते 'पांढरं' लुगडं आभाळी असायची पूर्ण शक्यता आहे. शिवाय विधवा बाई पांढरंच नेसायची असंही नाही, काही समाजांत लाल आलवण असायचं आणि ते फोटोत काळं येणार, म्हणजे फोटोतल्या रंगावरून काहीच ठरवता येत नाही.

मग ठरवायचं कशावरून? तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. मनगटात बांगड्या आहेत, दोन्ही हातात, काचेच्या, कडेला चमकतायत. गळ्यात पोत आहे, काळ्या मण्यांची, पदराखालून अर्धी दिसते. पाय फोटोत आलेत पण जोडवी नीट कळत नाहीत, बाळाच्या झबल्याची सावली पडलीय. बांगड्या आणि पोत एवढं पुरे. ती सवाष्ण होती. घरातल्या सगळ्यांना हे सांगा आणि शक्य असेल तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहूनच ठेवा.

प्रश्न: फोटोमागे 'चि.' लिहून पुढे मुलाचं नाव आहे पण फोटोत तर मुलगी दिसते, झिपऱ्या केस, पायात वाळे, नाकात बारीक मोरणी. नाव चुकीच्या फोटोवर लिहिलं गेलं का? (चोपडा)

नाव बरोबर असणार. तेव्हा लहान मुलगा आणि मुलगी यांच्या कपड्यात आजच्यासारखा फरक नसायचा, अंगडं-टोपडं, झबलं, हातात बिंदल्या, कमरेला करदोडा, हे दोघांनाही. जावळ काढेपर्यंत केस वाढलेलेच, आईला हौस असली की त्याची वेणी पण घालायची.

पण मोरणीची गोष्ट वेगळी आहे आणि ती हौसेची नाहीये. ज्या बाईची आधीची मुलं गेलेली असायची ती नंतरच्या मुलाचं नाक टोचायची, मुलीसारखं वाढवायची, म्हणजे नजर लागू नये, काळाला वाटावं मुलगी आहे. नावं पण तशीच मुद्दाम खालची ठेवायची. आपल्याकडे उखर्डू, दगडू, धोंडू, भिका, नथू ही जी नावं जुन्या पिढीत घरोघरी होती ना, ती यातूनच आलीत, उखर्डू म्हणजे उकिरड्यावर टाकलेला, नथू म्हणजे नाक टोचून नथ घातलेला. तुम्ही मागचं नाव पत्रात लिहिलंय, ते यातलंच एक आहे. म्हणजे या फोटोच्या आधी त्या घरात एक किंवा जास्त लेकरं गेलेली होती असं समजायला जागा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांतली २०० च्या आसपास वर्षाची व्हायच्या आत जात होती, त्यात १८९६ नंतर प्लेगच्या साथी, मग १९१८ चा इन्फ्लुएंझा.

त्या आईने पोराला घेऊन स्टुडिओत जाऊन फोटो काढला तो काय विचार करून काढला असेल हे मला तुमचा फोटो बघताना सारखं वाटत राहिलं. तुमच्या घरात कुणाला त्या आधीच्या मुलांबद्दल माहिती असेल तर नक्की विचारा.

प्रश्न: फोटो कधीचा आहे हे कसं ओळखायचं? मागे तारीख नाही. पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचा शिक्का उठवलेला आहे, पूर्ण वाचता येत नाही पण शेवटी 'पू. खानदेश' आहे. (रावेर)

अहो मग निम्मं काम झालं की! खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, पूर्वचं ठाणं जळगाव आणि पश्चिमचं धुळे. पुढे महाराष्ट्र झाला त्या सुमाराला जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा ही नावं आली. म्हणजे तुमचा पुठ्ठा १९०६ च्या आधीचा असूच शकत नाही आणि १९६० नंतरचाही सहसा नाही. शिक्का वाचायला एक सोपी युक्ती आहे, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च पुठ्ठ्याच्या अगदी कडेने, आडवा मारा, उठवलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतं.

आता बाकी खुणा. कागद पातळ, पुठ्ठ्याला चिकटवलेला, रंग पिवळट तपकिरी आणि भिंगातून बघितलं तर बारीक भेगा, असं असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरचा फोटो, अल्ब्युमेन म्हणतात, तो साधारण १९०० च्या आसपासपर्यंतचा. काळापांढरा असेल आणि काळ्या भागात कडेला तिरपं धरल्यावर आरशासारखी चंदेरी झाक येत असेल तर तो जिलेटिनचा, नंतरचा. ती झाक म्हणजे घाण नाही, फोटोतली चांदीच वर आलेली असते, पुसायला जाऊ नका. चार सव्वाचार इंच बाय साडेसहा इंचाचा जाड पुठ्ठा असेल तर ती कॅबिनेट साइझ. कडा नागमोडी कातरलेल्या असतील तर बहुतेक १९३० नंतरचा.

आणि कपडे. पुढून गाठ मारलेली चोळी आहे का पफ बाह्यांचं पोलकं, पायात काही आहे का, पोराच्या डोक्यावर कुंची आहे का टोपी. पण कपड्यांवरून तारीख काढताना एक लक्षात ठेवा, म्हाताऱ्या बायका आपल्या तरुणपणीचंच नेसायच्या त्यामुळे फोटोतल्या सगळ्यात तरुण बाईचे कपडे बघायचे. आणि खुर्ची, गालिचा, कठडा, मागचा रंगवलेला पडदा, हे सगळं स्टुडिओचं असायचं, त्यावरून 'आमच्याकडे असा वाडा होता' असं समजू नका. उलट तोच पडदा दुसऱ्या कुणाच्या घरच्या फोटोत सापडला आणि त्यावर तारीख असली तर तुमच्याही फोटोचा काळ लागतो. म्हणून नातेवाईकांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: आजीची नथ फोटोत तिच्या उजव्या नाकपुडीत आहे. आमच्यात तर डावीकडे घालतात. ही आजीच ना? (भडगाव)

आजीच असणार, फोटो उलटा छापला गेलाय. कधीतरी जुन्या निगेटिव्हवरून नवीन कॉपी काढताना निगेटिव्ह उलटी ठेवली की असं होतं. शेजारी कोट घातलेला मुलगा उभा आहे ना, त्याचा वरचा खिसा बघा, कोटाचा तो खिसा नेहमी घालणाऱ्याच्या डावीकडे असतो, तुमच्या फोटोत तो मुलाच्या उजवीकडे आहे. कॉम्प्युटरवर फ्लिप करून घरच्या मोठ्यांना दाखवा, चेहरा लगेच ओळखीचा वाटेल.

प्रश्न: फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. काढायला गेलो तर कोपऱ्यात थोडा सुटून आला. पाणी लावून काढू का? (शिरपूर)

नका हो काढू! हात जोडून सांगते. पाणी नको, हेअर ड्रायर नको, ब्लेड तर नकोच. काचेला चिकटलाय तो कागद नाही, ज्यात चित्र असतं तो जिलेटिनचा थर चिकटलाय, ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. माझ्या आईच्या लहानपणीचा एकुलता एक फोटो असाच गेला. मी नवीन फ्रेमसाठी एका दुकानात दिला होता, संध्याकाळी आणायला गेले तर त्याने काच वेगळी, फोटो वेगळा करून ठेवलेला आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. ती काच मी अजून ठेवलीय, उजेडात धरली की अर्धा गाल आणि एक डोळा दिसतो. आईला हे मी बरेच दिवस सांगितलंच नव्हतं.

तुम्ही असं करा, मागचा पुठ्ठा आणि खिळे काढा, फोटो काचेसकट तसाच राहू दे, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकटच स्कॅनरवर ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर दिवसा उजेडात, सावलीत, फ्लॅश बंद करून मोबाईलने, मोबाईल काचेला अगदी समांतर धरून. मग काचेसकट जाड कागदात गुंडाळून कोरड्या जागी कपाटात. ज्यांचे फोटो अजून चिकटले नाहीत त्यांनी काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाचा माउंट टाकून घ्या, म्हणजे मध्ये हवा राहते. आणि चिकट पानांचे जे अल्बम मिळायचे त्यातले फोटो जमतील तसे काढा, निघत नसतील तर पानासकट स्कॅन करून ठेवा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका.

प्रश्न: भाच्याने मोबाईलवरच्या ॲपने पणजीचा फोटो रंगीत आणि स्वच्छ करून दिला, सगळ्यांना आवडला पण माझ्या सासूबाई म्हणतात ही आमची मोठी माय नाही. का बरं? (जळगाव)

दोन्ही फोटो तुम्ही पाठवले हे फार बरं केलं. मी शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि सासूबाई काय म्हणतायत ते लगेच कळलं. मूळ फोटोत हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका आहे, दोन भुवयांच्या मध्ये अजून एक, आणि उजव्या हातावर मनगटाच्या वर चार-पाच अक्षरं गोंदलेली आहेत. ॲपने हे सगळं डाग समजून पुसून टाकलं. हातावर आता नुसती गुळगुळीत कातडी आहे. नाकातल्या नथीचा मोती गेला, तिथे एक पांढरी छटा राहिलीय. आणि रंग उजळ केलाय, कुणी सांगितलं होतं उजळ करायला? शेतात राबलेल्या बाईचा चेहरा आहे तो.

गोंदण हे आपल्या खानदेशातल्या बायकांच्या अंगावरचं कायमचं लिखाण असायचं. हातावर नाव गोंदायची पद्धत अजूनही गावोगावी दिसते. तुम्ही मूळ फोटो मोठा करून बघा, ती अक्षरं वाचता येतात का. मला पहिलं अक्षर 'सो' आणि शेवटचं 'ई' वाटतंय पण घरातल्या माणसाने वाचलेलं बरं. पत्रात तुम्ही लिहिलंय की मोठ्या मायचं माहेरचं नाव कुणालाच आठवत नाही. अहो ते तिच्या हातावर असू शकतं!

तसं पूर्वीचे फोटोग्राफरही निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या, व्रण घालवायचे आणि ब्रोमाईडवर, म्हणजे कागदावर छापलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोवर, हाताने रंग भरायचे, लुगड्याचा रंग मनानेच ठरवायचे, म्हणून जुन्या हाताने रंगवलेल्या फोटोतल्या रंगावरही भरवसा ठेवू नका. पण त्यांच्याकडे पेन्सिलीखालची मूळ काच तरी राहायची. तुम्ही रंगीत कॉपी हौसेने लावा भिंतीवर, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि कुणाला पाठवताना दोन्ही पाठवा.

प्रश्न: जुन्या पोस्टकार्डांवर आमच्या आदिवासी बायकांचे फोटो बघायला मिळतात, खाली फक्त 'भिल्ल स्त्री' असं इंग्रजीत. हे पण स्टुडिओतलेच फोटो का? (नंदुरबार)

काही स्टुडिओतले आहेत, काही बाहेर कापड लावून काढलेले. पण दादा, हे फोटो आणि वरचे फोटो एकसारखे समजू नका. वरच्या बायका नटूनथटून, पैसे देऊन, स्वतःसाठी फोटो काढायला गेल्या होत्या. पोस्टकार्डावरच्या बाईला बहुतेक कुणी विचारलेलंही नव्हतं. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ मध्ये हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले, त्यात माणूस म्हणजे जातीचा नमुना, नाव नाही, गाव नाही. पोस्टकार्डवाल्यांनी पुढे तीच रीत चालवली, विकण्यासाठी.

तरी ती कार्डं टाकून देऊ नका. त्या बाईच्या अंगावरची चांदी, हातातल्या वाक्या, पायातले जाड कडे, लुगडं नेसायची पद्धत हे खरं आहे, आणि ते बघून गावातल्या म्हाताऱ्या बायका सांगू शकतील की ही कुठल्या भागातली, सातपुड्यातली का खालची. अक्कलकुवा, धडगावकडच्या आज्यांना दाखवा. त्या जे सांगतील ते त्या इंग्रजी ओळीच्या खाली लिहा.

प्रश्न: खानदेशात कुणी नामांकित फोटोग्राफर होऊन गेले का? (धुळे)

चाळीसगावचे केकी मूस, १९१२ ते १९८९. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेल्या देखाव्यांच्या फोटोंसाठी, जगभर नावाजले गेले आणि जवळपास ५० वर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, जाऊन या. बाकी तालुक्याच्या गावातले जे स्टुडिओवाले होते, रेल्वे आल्यावर भुसावळला, १९०० मध्ये सुरतेची लाईन अंमळनेरला आल्यावर तिकडे, त्यांची नावं तुमच्या पुठ्ठ्यांवरच आहेत. ती मला कळवा, मी यादी करतेय.

प्रश्न: आजीच्या पेटीत १४ फोटो निघाले, सगळ्या बायका नि पोरं, एकाच्याही मागे नाव नाही. एकात बाळ झोपलंय, मला भीती वाटते की ते गेलेलं तर नाही ना. आता कुणाला विचारायचं? (अंमळनेर)

आधी बाळाचं सांगते. गेलेल्या लेकराचा फोटो काढून ठेवायची पद्धत होती, पण झोपलेल्या बाळांचे फोटोही खूप आहेत कारण जागं बाळ हलायचं आणि काच एखाद-दोन सेकंद तरी उघडी ठेवावी लागायची, म्हणून फोटोग्राफरच म्हणायचे झोपू द्या. तुमच्या फोटोत बाळाच्या उजव्या पायाचा अंगठा जरासा फिसकटलाय, हललाय तो. बाळ जिवंत होतं, ताई.

आता नावं. घरातल्या पुरुषांना विचारू नका असं नाही, पण सुरुवात बायकांपासून करा, त्यातही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींपासून, फुई म्हणजे आत्या, मावशी. सुनांनी त्या बायका बघितलेल्याच नसतात, लेकींनी बघितलेल्या असतात. फोटो मोठे करून प्रिंट काढा, म्हाताऱ्या डोळ्यांना मोबाईलवर दिसत नाही, आणि 'ही कोण' एवढंच विचारून थांबू नका, हा दागिना कुणाचा, ही पोत पुढे कुणाला गेली असं विचारा. चेहरा विसरलेल्या बायकांना दागिना आठवतो.

आमच्याकडे एक फोटो आहे, दोन पोरं तिवईवर बसलेली आणि डाव्या कडेने एक हात आत आलाय, पडद्याआडून धाकट्याला पाठीशी धरून ठेवलेला, बाकी बाई दिसत नाही. हातात एक गोठ आणि चार बांगड्या. आम्ही सगळे पोरांचीच नावं विचारत होतो. एरंडोलची माझी ८९ वर्षांची आत्या आली, तिने पोरांकडे बघितलंच नाही, त्या गोठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हाऊ मायना हात शे, हा आईचा हात आहे. तो गोठ पुढे मोडून तिच्या लग्नात पाटल्या केल्या होत्या. त्या पाटल्या तिच्या हातात होत्या.

तुमच्या १४ फोटोंना आधी मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने १ ते १४ आकडे टाका, बॉलपेन वापरू नका, दाबून लिहिलं तर पुढे उठतं. एका वहीत तेच आकडे, आणि जो जे सांगेल ते त्याच्या नावासकट लिहा, दोघींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. नाव कळलं तर तिचं स्वतःचं लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, नुसतं 'अमक्याचे कुटुंब' नको. पेटीत डांबरगोळ्या असतील तर काढा, फोटो वेगवेगळ्या ॲसिड-फ्री कागदात ठेवा. तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणी बेटावदला आहेत असं लिहिलंय तुम्ही, तर दिवाळीची वाट बघू नका, या रविवारीच जा.